दहा मिलिमीटर घोडीकडे

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायकाला सगळे ओळखतात आणि गायिकेला त्याहून जास्त. ड्रमवाला सतत हलत असल्यामुळे दिसतो. कीबोर्डवर दिवे लुकलुकतात म्हणून मांडवातली लहान मुलं त्याच्याभोवती कोंडाळं करतात. राहिला बासवाला. तो एका कडेला, बहुतेक वेळा जनरेटरच्या अंगाला, गळ्यात लांब दांडीचा चार तारांचा गिटार अडकवून उभा असतो. व्हिडिओवाल्याच्या चौकटीत त्याचा एक खांदा येतो. मुलीकडच्या एखाद्या काकांना हा मुलगा रिकामाच उभा आहे असं वाटतं आणि ते त्याला पाण्याचे जार उतरवून घ्यायला बोलावतात.

हा काही आमच्या भागाचा मागासलेपणा नव्हे. मुंबईतही तेच. राहुल देव बर्मनांच्या गाण्यांवर अख्खी पिढी नाचली, पण त्यांच्या ताफ्यात बास गिटार कोण वाजवायचं असं त्या पिढीला विचारून पाहा. टोनी वाझ हे नाव चटकन सांगणारा कुणी भेटलाच, तर तो स्वतः बासवाला निघण्याची शक्यता दाट.

माझा भाचा बासवाला आहे. त्याचा ताफा भालकीचा. आज बसवकल्याणला हळद, उद्या हुमनाबादला रिसेप्शन, परवा कलबुर्गीला वलीमा, मध्येच आळंदला एखाद्या पुढाऱ्याच्या नातवाचं बारसं, आणि हद्दीपलीकडे उदगीर, निलंगा. बिदर-कलबुर्गीच्या या पट्ट्यात ऑर्केस्ट्रा चालवायचा तर मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू अशा तिन्हींत गावं लागतं. रीत जुनीच आहे. हुमनाबादेजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (1817–1865) यांनीही मराठी, कन्नड, हिंदी अशी सगळीकडे पदं रचली. गायकाची यात दमछाक होते. बासवाल्याला मात्र तिन्ही भाषांत तेच दोन-तीन स्वर पुरतात. सीमाप्रश्नावर त्याच्याइतका तटस्थ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

हा तटस्थ माणूस एके दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "मामा, मागचा पिकअप दहा मिलिमीटर घोडीकडं घ्यायचाय."

घरात क्षणभर शांतता पसरली. माझी बहीण म्हणाली, "घे की. आम्ही कवा नको म्हणलाव?" तिला वाटलं कपाट सरकवायचं आहे.

पिकअप म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. विजेच्या गिटारात तारांच्या खाली एक चपटी डबी बसवलेली असते. आत चुंबकाचे खुंट, त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत किंचित वीज उमटते. ती मोठी करून स्पीकरला दिली की झाला आवाज. हे तत्त्व फॅरेडेने 1831 मध्ये शोधलं. वरातीत त्याचं काय होणार आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून त्याने ते जाहीरही केलं. पिकअपला हवेतला आवाज जवळजवळ कळत नाही, लोखंड हललेलं तेवढं कळतं. तो तंबोऱ्याखाली धरला तर पोलादी तारा ऐकू येतील आणि पितळी खर्ज मात्र त्याच्या लेखी अस्तित्वातच नसेल.

अमेरिकेत 1931 मध्ये जॉर्ज बीचमने पहिला चालणारा विजेचा गिटार केला. त्याचं अंग असं होतं की लोक त्याला तवा म्हणू लागले. त्याच दशकात सिअॅटलच्या पॉल टटमार्कने आडवा धरून वाजवायचा विजेचा बास केला, पण तो फारसा खपला नाही. मग 1951 मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने प्रिसिजन बास आणला, आणि माणसाहून उंच डबल बास पाठीवर वाहून नेणाऱ्या वादकांची सुटका झाली. हे फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. गिटार त्यांना वाजवता येत नव्हता. ही माहिती पुढे आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला कळली आणि त्या दिवसापासून त्याच्या बोलण्यात फरक पडला.

फेंडरने 1960 मध्ये जॅझ बास काढला. त्यात पिकअप दोन. एक दांडीच्या बाजूला, एक घोडीच्या. घोडी म्हणजे तारा जिथे टेकतात आणि थांबतात ती जागा, गिटारवाले तिला ब्रिज म्हणतात. पुढे 1970 च्या दशकात कंपनीने हा मागचा पिकअप सुमारे दहा मिलिमीटर घोडीकडे सरकवला. झालं. तेव्हापासून जगभरचे बासवाले दोन पंथांत वाटले गेले आहेत. साठवाल्यांच्या मते जुन्या जागी आवाजात माया होती, सत्तरवाल्यांच्या मते नव्या जागी आवाजाला दात आले. आजही कंपनी जुन्या धाटणीचे बास काढताना पिकअपमधलं अंतर साठचं की सत्तरचं हे छापते, आणि गिऱ्हाईक ते वाचतं. माझा भाचा साठवाल्या घरात, म्हणजे साठच्या अंतराची नक्कल केलेल्या स्वस्त बासमध्ये जन्मला आणि मनाने सत्तरवाला झाला.

बासच्या मोकळ्या तारेची लांबी असते 34 इंच, म्हणजे 864 मिलिमीटर. त्यातले दहा म्हणजे सव्वा टक्कासुद्धा नाही. बहिणीने हा हिशेब ऐकला आणि म्हणाली, "एवढ्यासाठी लाकूड फोडायलास?"

पण सीमाभागात राहणाऱ्याने हा प्रश्न विचारू नये. जुन्या हैदराबाद राज्यातला बिदर जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला कापला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, बाकी आम्ही म्हैसूर राज्यात. माणसं हलली नाहीत, घरं हलली नाहीत, विहिरीतलं पाणीही तेच राहिलं. रेघ तेवढी हलली. आणि एका रेघेमुळे एका भावाचा मुलगा कन्नडमध्ये अर्ज लिहू लागला, दुसऱ्याचा मराठीत. तार तीच, वाजवणारा तोच, पण कान कुठे लावला यावर काय ऐकू येतं ते ठरतं. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे भाषण 1 मेला करा, आता सुताराचा गुण्या कुठंय सांगा."

त्याची तक्रार अशी होती की आवाज गुबगुबीत येतो. स्वर कळतो, पण बोट कधी पडलं ते कळत नाही. याला शास्त्राचा आधार आहे. तार छेडली की ती एकच स्वर देत नाही. ती अख्खी हलते, शिवाय आपल्या अर्ध्यात, तिहाईत, चौथाईतही हलते. अख्खी हलते तो मूळ स्वर, बाकीचे त्याच्यावरचे उपस्वर. मूळ स्वराचं हलणं मध्यावर सगळ्यात जास्त आणि घोडीजवळ अगदी नाममात्र. म्हणून घोडीकडे जावं तसा मूळ स्वर क्षीण होतो आणि उपस्वर त्या मानाने वर येतात. आवाज कमी, धार जास्त. आणखी गंमत म्हणजे पिकअप तारेच्या बरोबर चौथाईवर असेल तर चौथाईत हलणारा उपस्वर त्याला ऐकूच येत नाही, कारण त्या जागी त्या उपस्वरापुरती तार स्थिर असते. पण हा नियम मोकळ्या तारेला. पडद्यावर बोट ठेवलं की तारेची लांबी बदलते आणि सगळे हिशेब सरकतात. मोठे वादक त्यामुळे या नियमाला फारसं मोजत नाहीत. आमच्या ऑर्केस्ट्रात अर्धा वेळ मोकळ्याच तारा वाजत असल्यामुळे तो आम्हाला तंतोतंत लागू आहे.

बातमी गल्लीत पसरली. आमच्याकडे कुणी बोअर मारायला काढला, कुणी भिंत पाडली, कुणी गिटार फोडायला घेतला, तर बघायला आणि सल्ला द्यायला माणसं येतात. निमंत्रण लागत नाही.

पहिले आले निवृत्त गुरुजी. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अरे, डबी सरकवण्यापेक्षा हात सरकव. घोडीजवळ छेड. आपोआप टणक वाजेल." हे शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. तार कुठे छेडावी यावर तिचा आवाज बदलतो, हे सतारिया आणि एकतारीवाला दोघांनाही ठाऊक असतं. शिवाय उपाय फुकट. त्यामुळे भाच्याने तो तत्काळ फेटाळला. "ते वेगळं, गुरुजी." वेगळं कसं, ते त्याने सांगितलं नाही. छंद असलेल्या माणसाला फुकटचा उपाय सुचवू नये, तो अपमान असतो.

दुसरे आले भजनी मंडळाचे अप्पा. मंडळाचा तंबोरा ते मिरजेला नेऊन दुरुस्त करून आणतात, त्यामुळे तंतुवाद्याच्या बाबतीत गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. अप्पांनी मात्र भाच्याची बाजू घेतली. मिरजेत जवारी काढणारा कारागीर काय करतो? घोडीचा माथा कानसेने घासतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, परत घासतो. तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे घेतला की तंबोरा गप्प, केसभर मागे घेतला की घर भरून वाजतो. "दहा मिलिमीटर म्हंजे लई झालं गा," अप्पा म्हणाले. "मिरजेत एवढ्यात धा तंबोरे बिघडतेत." मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचं गिऱ्हाईक आटलं तसं एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून हे घराणं तारांकडे वळलं. आज तिथल्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन आहे, 2024 मध्ये मिळालं. तलवारीची धार पाहणारे डोळे तारेची बसक पाहू लागले, म्हणजे काम तसं तेच राहिलं, जखमी होणारी माणसं कमी झाली. बेसूर गाणाऱ्यांच्या श्रोत्यांना मी यात धरलेलं नाही.

तिसरा आला बिदरचा एक पाहुणा. बिदरचा माणूस कुठेही गेला तरी बिद्रीचा विषय निघतो. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेली वस्तू, तिच्यावर कोरलेली नक्षी, कोरलेल्या रेघेत ठोकून बसवलेली चांदीची तार, आणि शेवटी किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून दिलेला तो काळा रंग. जस्त काळं होतं, चांदी पांढरीच राहते. ही माती पारखताना जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पाहतात. पाहुण्याचं म्हणणं असं, की एवढं कापाकापीचं करताच आहात तर पिकअपवर बिद्रीचं झाकण बसवा, दिसेल तरी काही. सूचना सुंदर होती. जस्त आणि तांबं दोन्ही चुंबकाला ओढत नाहीत, त्यामुळे वरवर अडचण नव्हती. पण धातूच्या जाड झाकणात विजेचे भोवरे फिरतात आणि आवाजाची धार नेमकी तेच खातात. ज्या धारेसाठी हा खटाटोप, तिच्यावरच चांदीची वेलबुट्टी चढवायची! पाहुणा हिरमुसला. जाताना म्हणाला, "मग निदान स्क्रू तरी बिद्रीचे लावा."

चौथा सल्ला कुणी प्रत्यक्ष दिला नाही, पण तो इतिहासात आहे. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने 1973 मध्ये ग्रॅबर नावाचा बास काढला. त्यातला पिकअप सरकता होता. हाताने धरावा आणि दांडीकडे किंवा घोडीकडे हवा तिथे न्यावा. सगळा वादच मिटला म्हणायचा. तरी बासवाले पिकअप कायमचा बसवण्यासाठी लाकूड कोरतच राहिले. मला यात नवल वाटत नाही. आमच्याकडे फोल्डिंगची खुर्चीसुद्धा एकदा उघडली की पुन्हा मिटत नाहीत.

प्रत्यक्ष कापण्याआधी एक चाचणी घ्यावी, ही शहाणपणाची सूचना टीव्ही दुरुस्तीवाल्याची. पिकअप खाचेतून काढायचा, त्याच्या वायरी लांब करायच्या, आणि तो उलटा करून तारांच्या वरून हातात धरायचा. आधी जुन्या जागी, मग दहा मिलिमीटर घोडीकडे. पिकअपला वर काय आणि खाली काय, लोखंड हललं की पुरे. ओसरीत परीक्षा मांडली. परीक्षक माझी बहीण. तिला डोळे मिटायला सांगितलं. भाच्याने एकदा इकडे, एकदा तिकडे तेच वाजवलं.

"काय फरक वाटला?"

"पहिल्यांदा वाजवलास तवा कुकरची शिट्टी ऐकू आली न्हाई," बहीण म्हणाली. "दुसऱ्यांदा आली."

याचा अर्थ लावण्यात संध्याकाळ गेली. भाच्याच्या मते हा निर्णायक पुरावा होता. मूळ स्वराचा लोंढा ओसरल्यामुळे घरातले बाकीचे आवाज मोकळे झाले. माझ्या मते दुसऱ्या वेळी कुकरला शिट्टी झाली होती.

मग सुतारमामा. भालकीच्या निम्म्या घरांच्या चौकटी यांच्या हातच्या. त्यांनी गिटार उलटासुलटा केला, बोटाच्या पेराने ठोकला, खाचेच्या कडेला नखाने रंग खरवडला आणि आतलं लाकूड हुंगलं. "सागवान न्हाई," ते म्हणाले. "शिसव न्हाई. आंबाबी न्हाई. ह्येला लाकूड म्हणायचं ठरलंय का?" पुढे त्यांनी आपणहून सांगितलं की ठेव हे बाजूला, अख्खं नवं अंग सागवानात करून देतो, नातवाच्या नातवाला पुरेल. नातवाच्या नातवाला ते गळ्यात घालून उभं राहावं लागेल, हा विचार त्यांनी केलेला नव्हता. त्यांच्या हिशेबात वस्तू टिकाऊ असावी लागते, उचलता येण्याजोगी असलीच पाहिजे असं काही नाही.

काम काय ते मात्र त्यांना एका वाक्यात कळलं. गिटारवाल्यांना जे सांगायला आकृत्या लागतात ते. खाच आहे तेवढीच राहणार, नुसती घोडीकडे सरकणार. म्हणजे घोडीच्या अंगाला दहा मिलिमीटरची पट्टी कोरून काढायची आणि दांडीच्या अंगाला दहा मिलिमीटरची पट्टी भरायची.

"म्हंजे ह्या अंगाचं काढून त्या अंगाला घालायचं."

"हो."

"हे तर पंचायतीचं काम हाय." आणि त्यांनी पटाशीला धार लावायला घेतली.

राउटर नावाचं यंत्र या कामाला वापरतात, त्यांच्याकडेही आहे. पण लेकाने आणलेल्या त्या यंत्रावर त्यांचा विश्वास नाही. ते घाईत असतं, असं त्यांचं मत. तेव्हा पटाशी, लाकडी हातोडी आणि गुण्या. भाच्याने पुठ्ठ्याचा नमुना कापून आणला होता. तो तारांच्या मधल्या रेषेवर ठेवून पेन्सिलीने खूण केली. सुतारमामांनी ती पुसून आपली खूण केली. दोन्ही एकाच जागी होत्या, पण दुसऱ्याच्या खुणेवर पटाशी ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

इथे एक खरी अडचण असते, तीही सांगतो. तारा दांडीकडून घोडीकडे जाताना फाकत जातात. पिकअप सरकला की त्याच्या खुंटांच्या डोक्यावरून जाणाऱ्या तारा किंचित बाहेर पडतात. जॅझ बासमध्ये प्रत्येक तारेला दोन-दोन खुंट असतात आणि मागचा पिकअप पुढच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब केलेला असतो, तो यासाठीच. दहा मिलिमीटरला तेवढं चालून जातं. पण काही हौशी लोक पैसे वाचवायला पुढचा पिकअप मागच्या खाचेत घालतात, आणि मग बाहेरच्या दोन तारा दुसऱ्याच्या घरी वाजल्यागत ऐकू येतात. भाच्याच्या मित्राने तसं केलं होतं. तो आता कीबोर्ड वाजवतो.

पट्टी भरली ती सुतारमामांनी दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागवानाची. त्या गिटारात तेवढंच खरं लाकूड आहे. फेविकॉल, वर शिकंजा, आणि रात्रभर हात लावायचा नाही अशी तंबी. भाचा रात्रभर जागा होता. त्याने हात लावला नाही, पण बॅटरी लावून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्तीवाल्याची पाळी. लिओ फेंडरशी आपलं नातं कळल्यापासून तो सोल्डरिंगची कांडी जरा वेगळ्या पद्धतीने धरायला लागला होता. त्याने वायरी जोडल्या. पुढचा पिकअप एकटा छान वाजला. मागचा एकटा छान वाजला, आवाजाला खरोखर धार आली होती. दोन्ही एकदम चालू केले आणि बास नाहीसा झाला. खर्ज सगळा गेला, उरलं ते डासासारखं काहीतरी. गल्लीचे चेहरे पडले. सुतारमामांनी लगेच जाहीर केलं की लाकडात दोष नाही. खरं कारण साधं होतं. एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. एक पिकअप तार वर गेली म्हणायचा तेव्हा दुसरा खाली गेली म्हणायचा, आणि दोघांच्या भांडणात मूळ स्वर कटत होता. वायरी उलटवल्या, दोघांचं पटलं. दोघांचं पटलं की आणखी एक फायदा होतो. दोन्ही पिकअपचे वेढे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असल्यामुळे दोन्ही सारखे चालू ठेवले तर बाहेरची घरघर आपोआप कटते. एकटा पिकअप मात्र आसपासच्या विजेची 50 हर्ट्झची घरघर पकडतो. आता पाहा, बासच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा स्वर आहे 49 हर्ट्झचा. जनरेटरशेजारी उभ्या असलेल्या बासवाल्याचा एक स्वर अशा रीतीने जनरेटर जन्मभर, थोडा चढा, विनामोबदला वाजवत असतो.

आणि मग बसवकल्याणचं लग्न. मांडववाल्याने चार भोंगे खांबांना बांधले होते. भोंगा म्हणजे तोच, प्रचाराच्या रिक्षावर असतो तो. त्यातून माणसाचं बोलणं दोन शेतं ओलांडून जातं, पण दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं त्याला जवळजवळ काही झेपत नाही. बासच्या मोकळ्या तारांचे मूळ स्वर 41 हर्ट्झपासून 98 पर्यंत. म्हणजे भाचा जे वाजवतो त्याचा पाया त्या भोंग्यातून कधी बाहेर पडलाच नव्हता. वर्षानुवर्षं मांडवात बास कुणाला ऐकू येत नव्हता, त्यात श्रोत्यांचा दोष नव्हता.

पण त्या रात्री काहीतरी झालं. मी आचाऱ्याजवळ उभा होतो. त्याने झारा थांबवला आणि म्हणाला, "आज ते खालचं काय वाजायलंय हो? पाय हलायलाय."

माणसाचा कान मोठा कारागीर आहे. मूळ स्वर पोहोचला नाही तरी त्याचे उपस्वर पोहोचले तर मेंदू त्यांच्यावरून खालचा स्वर स्वतःच भरून काढतो, आणि माणसाला वाटतं आपण तो ऐकला. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ढोल कळतो तो यामुळेच. जुन्या जागी पिकअप मूळ स्वर भरपूर पकडायचा आणि भोंगा तो सगळा गिळायचा. दहा मिलिमीटर घोडीकडे गेल्यावर उपस्वर वर आले, भोंग्याने तेवढे बाहेर टाकले, आणि आचाऱ्याच्या मेंदूने बाकीचं स्वयंपाक करता करता पूर्ण केलं. भाच्याने हे सगळं योजून केलं होतं असं मी म्हणणार नाही. त्याला सत्तरच्या दशकातले अमेरिकन बासवाले आवडतात, एवढंच खरं. पण कॅलिफोर्नियात पन्नास वर्षांपूर्वी सरकवलेली जागा बसवकल्याणच्या भोंग्याला बरोबर बसली, ही गोष्टही तितकीच खरी.

गायकाने मात्र तक्रार केली. म्हणाला, आज माझ्या मागे कुणीतरी उभं असल्यागत वाटत होतं.

आता गल्लीतले आणखी दोघे आपापले बास घेऊन सुतारमामांकडे फेऱ्या घालू लागलेत. त्यांच्यासाठी, आणि हे वाचून पटाशी शोधायला उठलेल्यांसाठी मामांचा निरोप असा: तारा पूर्ण उतरवा, पुठ्ठ्याचा नमुना कापा, आधी पिकअप हातात धरून ऐका, आणि मगच कोरा. जुनी खाच बुजवायला रंगाऱ्याची लांबी भरू नका, लाकडाचीच पट्टी भरा. लांबी वर रंगाखाली छान दिसते, पण तिच्यात स्क्रू धरत नाही.